पंचवीस लाईटी आणि वऱ्हाडाचं पाणी

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा बराच झाला, पण सगळ्यांत मोठा मी एका बसच्या पुढच्या सीटवर बसून केला. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, वरमाय होते, अंगावर शालू होता, नाकात नथ होती आणि डोक्यात अक्कल सोडून बाकी सगळं होतं.

माझ्या लेकाचं, किरणचं लग्न होतं, बारडोलीला. आमच्या सोयरिकी तापीच्या काठाकाठाने थेट सुरतेपर्यंत जातात, त्यामुळे वऱ्हाडाची बस गुजरातेत नेणं आम्हाला नवं नाही. माझी धाकटी जाऊ सुमन मागच्या सीटवर होती. वर्षभरापूर्वी तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. लाईट घेऊन ती बरी झाली होती. लाईट म्हणजे रेडिओथेरपी, रोगाच्या जागेवर बाहेरून सोडलेले किरण. रोग गेला, पण त्या किरणांनी तिची लघवीची पिशवी आणि आतडी भाजली होती. लघवी लागली की तिला धीर म्हणून धरवत नसे.

तिने नंदुरबारच्या पुढे एकदा गाडी थांबवली. विसरवाडीला दुसऱ्यांदा. नवापूर सोडलं आणि तिने तिसऱ्यांदा हळूच निरोप पुढे पाठवला. बायकांच्या तोंडातोंडी तो माझ्यापर्यंत आला. मी मागे वळून अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ड्रायव्हरला म्हणाले, "चाल भाऊ, हाक गाडी! इन्हासाठे थांबत बसनूत, ते नवरदेवले वाटमाच पोऱ्या व्हई जातीन!"

बस हसली. मीही हसले. वरमाईचा विनोद, त्याला कोण हसणार नाही?

थोड्या वेळाने मागे धपकन आवाज झाला. सुमनच्या पायाशी ठेवलेला पिण्याच्या पाण्याचा जार आडवा झाला होता. सगळं पाणी सीटखाली, सामानाखाली, तिच्या साडीवर. मी परत ओरडले, "एवढ्या वऱ्हाडाचं पाणी सांडलंस! हातात जीव नाही का?"

"हात निसटना, बाई," ती म्हणाली.

बारडोलीला वाजंत्री लागली, सगळे उतरले. ती म्हणाली, "साडी वल्ली शे, मी सामानजोडे बसस." हळद, लग्न, जेवण, पाठवणी, सगळं होईपर्यंत ती बसमध्ये बसून राहिली. किरणच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिचा एकही फोटो नाही. मी लोकांना सांगितलं, रुसलीय.

तुम्ही विचाराल, तुम्हाला कळलं नव्हतं का? कळलं होतं. जार पडायच्या आधीच मी वळून पाहिलं होतं, आणि तिची साडी तेव्हाच ओली होती. जार तिने स्वतः ढकलला. एवढी अक्कल तिच्यात होती, आणि एवढीही दया माझ्यात नव्हती.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण पुढचं सगळं तिच्याशिवाय कळणार नाही. चौदा वर्षांनी तोच रोग मला झाला.

माझी पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. एक दिवस कपड्यावर डाग दिसला. मी काय केलं असेल? आरशात पाहून हसले. मनात म्हटलं, घ्या, म्हातारी परत तरुण व्हायला लागली. पपईची तोडणी चालू होती, घरात मजुरांचा चहा सकाळपासून चुलीवर असायचा, कोणाला सांगणार? सात महिने मी जुन्या लुगड्याच्या घड्या वापरल्या आणि धुऊन गोठ्याच्या मागे वाळत घातल्या. मग वास यायला लागला, कंबर धरली, तेव्हा किरणने मला जीपमध्ये घालून नंदुरबारला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आतला लहानसा तुकडा काढून पाठवला. त्याला बायोप्सी म्हणतात. तो तुकडा बघून रोग आहे की नाही ते सांगतात. आठ दिवसांनी त्यांनी कागद समोर ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, सात महिने काय करत होतात?"

 बायांनो, हाच प्रश्न तुम्हाला कुणी विचारू नये, म्हणून आत्ताच सांगते. पाळी गेल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी तो तरुणपणाचा निरोप नसतो. उठा आणि डॉक्टर गाठा. पपई तुमच्याशिवायही तोडली जाते.

लोक म्हणतात, कॅन्सर शब्द ऐकला की पहिला प्रश्न मनात येतो, मी मरेन का? माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, मला सुमनसारखं होईल का?" त्यांना सुमन कोण ते माहीत नव्हतं. किरणला माहीत होतं. त्याने खिडकीकडे पाहिलं.

पुढचं उपचाराचं सुरतेला ठरलं. एमआरआय झाला, त्यात मोठ्या नळीत झोपवून आतले फोटो काढतात. रोग गर्भाशयाच्या तोंडाबाहेर सरकला होता, त्यामुळे ऑपरेशन नाही. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, पंचवीस लाईटी. आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध, म्हणजे केमो. शेवटी आतून लाईट.

लाईटच्या डॉक्टर गुजराती होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. मला "बा" म्हणायच्या, त्यांच्याकडे आजीला तसं म्हणतात. मराठी बोलायच्या, पण मध्येच गुजरातीत घसरायच्या. त्यांनी सांगितलं की मला ॲडाप्टिव्ह रेडिओथेरपी देणार. मी म्हटलं, बाई, नाव राहू द्या, काम सांगा.

त्यांनी कागदावर तीन गोळे काढले. पुढे लघवीची पिशवी, मध्ये गर्भाशय, मागे आतडं. "बा, हे रोज जागा बदलतात. पिशवी भरली की गर्भाशय वर सरकतं. गॅस झाला की पुढे ढकललं जातं. आधी आम्ही सुरुवातीला एकच फोटो काढायचो आणि त्याच आखणीवर पंचवीस दिवस किरण सोडायचो. हललं तरी सापडावं म्हणून आजूबाजूची बरीच जागा धरावी लागायची. त्यात पिशवी आणि आतडं भाजायचं. आता या मशीनवर रोज आधी फोटो, मग त्या दिवशी आत जसं असेल तशी नवी आखणी, मग लाईट. जागा कमी धरावी लागते. त्रास होणारच नाही असं नाही सांगत. कमी होईल."

मला ते लगेच कळलं, कारण आमच्याकडे तणनाशक मारतात. पेरणीनंतर एकदाच वारा बघायचा आणि पुढे महिनाभर त्याच दिशेने पंप मारायचा, असं कोणी केलं तर तणासोबत निम्मा कापूस पिवळा पडेल. शहाणा माणूस रोज सकाळी चिमूटभर माती उडवून वारा बघतो. सुमनच्या वेळी वारा एकदाच बघितला होता.

तिच्या डॉक्टरांचा दोष नव्हता, तेव्हा त्यांच्याकडे तेवढंच होतं. तिचा तर मुळीच नव्हता. पण चौदा वर्षं मी तिला अशी वागवत आले होते, जणू तिनेच काही सांडवलंय. तिचा पाण्याचा पेला मी वेगळा केला होता, त्याच्या बुडाला नखाच्या लाल पॉलिशचा ठिपका होता. तिच्या अंगात लाईट आहे, लहान लेकरांना बाधेल, असं मी सुनेला सांगून ठेवलं होतं. एकाच अंगणात दोन चुली, आणि मधून मी आखलेली रेघ.

मग प्रश्न आला, माझ्याबरोबर सुरतेला राहणार कोण? किरणचा केळीचा माल निघायचा होता. सुनेला दोन शाळकरी मुलं. माझे मालक वारून सहा वर्षं झाली. ओट्यावर सगळे बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. सुमन अंगणातून आली. खांद्याला तिची कापडी पिशवी होती. ती पिशवी ती कुठेही गेली तरी सोबत असते. मी तिला सुमनची पोतडी म्हणायचे आणि चार बायकांत हसायचे.

"मी जास," ती म्हणाली. "माले सवय शे."

कुणी एकदाही म्हटलं नाही की तू का. मीसुद्धा नाही.

सुरतेला लागूनच, उधन्याला तिच्या भाच्याच्या घराची वरची खोली मिळाली. सोमवारी पहाटेची गाडी नंदुरबारहून, शुक्रवारी उलटी. ती गाडी बारडोलीवरून जाते. पाच आठवड्यांत मी त्या स्टेशनावरून दहा वेळा गेले, आणि दहाही वेळा डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं.

पहिल्या दिवशी ओटीपोटावर आणि दोन्ही बाजूंना सुईने तीन बारीक ठिपके गोंदले, रोज त्याच जागी नीट झोपवता यावं म्हणून. नियम सांगितले. शौचाला जाऊन यायचं, लघवी करायची, मग तीन पेले पाणी प्यायचं आणि पाऊण तास थांबायचं. पिशवी भरलेली असली की आतडं वर उचललं जातं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. मशीन रोज आखणी बदलतं हे खरं, पण त्याला बदलायला आत काही असावं लागतं.

आता माझी शोभा ऐका. मी आयुष्यभर पाणी न पिण्यात पटाईत बाई. आमच्या वेळच्या सगळ्याच. बाजाराला जायचंय, पाणी पिऊ नको. लग्नाला जायचंय, सकाळपासून घोट घेऊ नको. रस्त्यात बाईमाणसाने कुठे बसायचं? नंदुरबारहून सुरतेपर्यंत मी एकदाही न उतरता जायचे आणि त्याची फुशारकी मारायचे, जशी काही मी एखादी परीक्षा पास झाले होते. सुनेलाही हीच विद्या शिकवली.

त्यामुळे तीन पेले बघूनच मला घाम फुटला. आणि खरं सांगू, पाण्याची भीती नव्हती. त्या टेबलावर झोपायचं, वर दिवे, काचेपलीकडे परकी माणसं, हलायचं नाही, आणि आखणी होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं धरून ठेवायचं. मी म्हटलं, इथे सुटलं तर? माझी सुमन झाली तर?

दुसऱ्या दिवशी मी पेले घेऊन बाथरूमच्या बेसिनशी गेले आणि दोन पेले ओतून दिले. तिसऱ्यातले दोन घोट प्यायले, ओठ पुसले आणि बाहेर आले.

टेबलावर झोपले. मशीन माझ्याभोवती एकदा फिरलं. मग भोंग्यातून डॉक्टरांचा आवाज. "बा, पाणी पीधुं?"

"पीधुं," मी म्हटलं.

"किती?"

"तीन पेले."

 मग मशीन चालवणारी मुलगी आत आली, तिने माझ्या अंगावरची चादर नीट केली आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "बा, तुमची पिशवी रिकामी आहे. आतडं खाली बसलंय. आज असं नाही देता येणार. उठा, परत पाणी प्या."

सहासष्ट वर्षांच्या बाईचं खोटं फोटोत दिसलं. सासूला, नवऱ्याला, देवाला फसवून झालं होतं. हे मशीन पहिलंच, जे माझ्या पोटात बघून माझं तोंड बंद करत होतं.

बाहेर सुमन बाकावर बसली होती. मी म्हटलं, मशीन बिघडलंय, थांबायला सांगितलंय. ती उठली, तिन्ही पेले भरून आणले आणि माझ्या हातात दिले.

"पाणी तुम्हले पेवाले सांगेल शे बाई, बेसिनले नही."

 तिने पोतडी उघडली. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी त्या पिशवीत डोकावले. घडी केलेली साडी, परकर, साबणाची वडी, प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि जाड पॅड. त्यातलं एक तिने माझ्या मांडीवर ठेवलं.

"हाई बांधा, आनि मंग प्या. निंघनं ते यामा जाई. कोनले दिसाव नही."

मी बांधलं. तीन पेले प्यायले. त्या दिवशीची लाईट झाली.

नंतर रोज सुमनच पेले मोजायची. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मी वेटिंग रूममध्ये बायकांना हसवायचे. तिथे एक धडगावकडची पावरा आदिवासी बाई होती, तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची, तरी आम्ही दोघी पेला उंचावून एकमेकींना दाखवायचो, झाला का गं तुझा? मग तिच्या लाईटी संपल्या. ती गावी गेली आणि कुणी पेला उंचावायला राहिलं नाही.

चौदाव्या लाईटीला ते झालं. त्या दिवशी आत गॅस होता, आखणीला वेळ लागत होता. मी धरलं, धरलं, छताच्या दिव्यांचे चौकोन मोजले. पॅड बांधायचं मी तीन दिवसांपासून सोडलं होतं, कारण मला वाटत होतं की आता मी उस्ताद झाले. लाईट संपता संपता सुटलं. गरम, आणि थांबवता येईना. त्या मुलीने आत येऊन काहीच न बोलता चादर बदलली. "रोज कुणाचं तरी होतं, बा," एवढंच म्हणाली.

मी गाऊन सावरत बाहेर आले. सुमनने खाली बघितलं. मी म्हणाले, "टेबलावर पाणी सांडलं."

माझ्या तोंडून हे शब्द बाहेर पडले आणि मग मला ते ऐकू आले. सुमनने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती, हसली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिने पोतडीतून ती घडी केलेली साडी काढली आणि बाथरूमचं दार माझ्यासाठी धरून उभी राहिली.

त्या शुक्रवारी गाडीत मी विषय काढला. बारडोली मागे पडलं होतं. मी म्हटलं, "सुमन, तुला ते किरणचं लग्न..."

"नवापूर उनं," ती म्हणाली. "खिडकी बंद करा."

नवापूरला कोंबड्यांच्या फार्मचा वास डब्यात येतो, आणि केमोनंतर त्या वासाने मला मळमळून यायचं. तिने खिडकी ओढली, माझ्या नाकाशी लिंबू धरलं आणि विषय नवापूरलाच राहिला.

त्या शनिवारी घरी पाणी प्यायला गेले, तर माझा पेला जागेवर नव्हता. वेगळ्या फळीवर होता. बुडाला लाल ठिपका. सून खाली मान घालून म्हणाली, "मुलांचं जरा... तुम्हीच सांगितलं होतं ना आई, काकूंच्या वेळी." नात दारातून विचारत होती, "आजी, तुझ्या अंगात लाईट आहे का?"

सोमवारी मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "बा, बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. दिवा बंद केला की खोलीत उजेड उरतो का? नातीला मांडीवर घ्या." म्हणजे सुमनच्याही अंगात कधी काही नव्हतं. हा प्रश्न विचारायला मला चौदा वर्षं लागली, आणि तोही स्वतःसाठी विचारला.

मी विचारत होते तेव्हा सुमन दाराशी उभी होती. ती कधी आत बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "डॉक्टरबाई, हाई मशीन मन्हा टाईमले व्हतं का?"

डॉक्टरांनी तिला बसवलं. काय झालं होतं, कधी, आता काय होतं, सगळं विचारलं. लघवीला किती वेळा? शौचातून रक्त जातं का? प्रवास जमतो का? सुमन उत्तरं देत होती आणि मी त्याच खोलीत बसून पहिल्यांदा ऐकत होते. शौचातून रक्त. चौदा वर्षं. भिंतीला भिंत लागून आमची घरं.

"नाही मासी," डॉक्टर शेवटी म्हणाल्या, "तेव्हा हे मशीन नव्हतं. पण तुमच्या त्रासावर औषध आहे. पूर्ण नाही, पण बराच आराम पडतो. एवढी वर्षं कुणाला का नाही सांगितलं?"

"कोनी इचारं नही," सुमन म्हणाली.

तिचेही कागद झाले. तिलाही औषधं सुरू झाली. वाचणाऱ्या बायांनो, तुमच्यापैकी कुणी जुनी लाईट घेतलेली असेल आणि अजून रुमालाच्या घड्या घेऊन फिरत असेल, तर हे नशिबाचे भोग म्हणून सोसू नका. विचारा. आणि तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर तुम्ही विचारा. तिने सांगायची वाट बघू नका.

माझा त्रास म्हणाल, तर झालाच. तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, लघवीला आग, पायांत शिसं भरल्यासारखा थकवा. मिरची बंद झाली. मिरचीशिवाय जेवण म्हणजे आमच्याकडे श्राद्धालाही कुणी वाढणार नाही. मुगाची खिचडी आणि केळं, केळं आणि मुगाची खिचडी. घरची केळीची बाग असून मला केळ्याची शिसारी बसली.

शेवटच्या आतल्या लाईटी तीन झाल्या. त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात, म्हणजे नळ्या आत बसवून रोगाच्या अगदी जवळून किरण देतात. बधिर करतात, तरी त्याचं गोड वर्णन मी करणार नाही. देहाची लाज तिथे दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवावी लागते. नंतर अंग आतून आखडू नये म्हणून डॉक्टरांनी एक गुळगुळीत नळी दिली, डायलेटर. मी म्हटलं, "या वयात कोणासाठी?" त्या म्हणाल्या, "आमच्यासाठी बा, तपासता यावं म्हणून." घरी सुनेने पिशवीत पाहून विचारलं, हे काय? मी म्हटलं, सुरती लाटणं. ती पुढे विचारायला आली नाही.

दोन महिन्यांत जुलाब थांबले. तीन महिन्यांनी आग गेली. तपासणीत रोग दिसत नाही म्हणाले, पण दर तीन महिन्यांनी या. मी आज दोन तास न उठता बसू शकते. सुमन अजून पाऊण तासापलीकडे नाही, आधी वीस मिनिटं होती. एकच रोग, एकच अंगण. मी उशिरा आजारी पडले म्हणून सुटले. यात माझी काही पुण्याई नाही. मी सात महिने घड्या वाळत घालत बसलेली बाई. पुण्याई मोजायची असती, तर मशीन तिच्या वाट्याला आलं असतं आणि जुनी लाईट माझ्या.

यंदा चुलत नातवाचं लग्न होतं, व्याऱ्याला. परत बस, परत वऱ्हाड. या वेळी मी पुढची सीट वरमाईला सोडली आणि मागे सुमनच्या शेजारी बसले. नंदुरबार सोडून थोडं पुढे गेल्यावर मी ओरडले, "थांबव रे बाबा, म्हातारीला लागलीय!" पोरी हसल्या. हसू दिलं. मी उतरले, माझ्याबरोबर चारपाच जणी उतरल्या, सुमनही उतरली. विसरवाडीला परत. नवापूरच्या अलीकडे परत. नवापूरच्या पुढे ड्रायव्हर कुरकुरला, "आजी, किती वेळा?" मी म्हटलं, "कॅन्सरची बाई आहे, सीटवर करू का?" त्याने गाडी लगेच बाजूला घेतली.

सुमन पाण्याचा जार पायाशी न ठेवता पुढे देऊन मोकळी बसली होती.

व्याऱ्याला सगळ्यांबरोबर ती उतरली. मंडपात आली. अक्षता टाकल्या. फोटोवाल्यासमोर मी तिला ओढून मध्ये उभं केलं. मग आम्ही दोघी पंख्याखाली खुर्च्यांवर बसलो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. तिने पेलाभर पाणी संपवलं, पेला खुर्चीखाली ठेवला आणि मांडवाकडे बघत, माझ्याकडे न बघता, म्हणाली,

"बाई, आज तुम्हले एकडाव बी लागेल नव्हती, माले माहीत शे. त्या दिन गाडी एकडाव थांबाडी ऱ्हाती, ते किरणनं लगीन मीबी देखं ऱ्हातं."